घरपोच प्राध्यापक

मराठी माणसाला व्याख्यान कशावरही चालते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून आपण ऐकतोच आहोत. वक्ते आले नि गेले, राज्ये आली नि गेली. आपला श्रोता तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी ठेवून बसलेला आहे. कडेची खुर्ची अशासाठी, की आभारप्रदर्शन सुरू होताच उठता यावे. त्याचे परीक्षणही ठरलेले असते. बाहेर येऊन स्कूटरला किक मारता मारता तो शेजाऱ्याला म्हणतो, "बोलले छान, पण विषय राहिला बाजूला!"

मी याच गोत्रातला. फरक एवढाच, की गेली काही वर्षे माझे वक्ते शिकागो, येल, हार्वर्ड आणि लंडनहून येतात. राजकारणावर आणि जागतिक घडामोडींवर तिथले नामवंत प्राध्यापक जी जाहीर व्याख्याने देतात, ती यूट्यूबवर फुकट पाहायला मिळतात. ना तिकीट, ना वर्गणी, ना हॉल शोधण्याची यातायात. प्राध्यापक घरपोच.

माझे शिक्षण बी.कॉम., हुद्दा बँकेतला कारकून. (हल्ली या हुद्द्याला एक लांबलचक इंग्रजी नाव दिले आहे. काम तेच आहे.) एवढ्या भांडवलावर शिकागोच्या प्राध्यापकाचे परीक्षण करू नये, असे आमच्या वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांचे मत आहे. मला ते मान्य नाही. विद्वानांनी विद्वानांसाठी लिहायची वेगळी मासिके असतात, तिथली भांडणेही वेगळी असतात. जाहीर व्याख्यान ज्याला कळावे म्हणून दिलेले असते तो मीच. तेव्हा ते मला कळले की नाही, आणि कळले त्याचा हिशेब जुळतो की नाही, हे सांगायला माझ्याइतका अधिकारी माणूस दुसरा कोण?

शिवाय मी डोंबिवलीला राहतो. डोंबिवलीहून सीएसएमटीला धीम्या लोकलने सव्वा तास लागतो आणि राजकारणाच्या प्राध्यापकाला जगाचा निकाल लावायलाही सव्वा तासच लागतो. दिव्याला परिचय संपतो. मुंब्र्याला वक्ता शीतयुद्धात शिरतो, भांडुपच्या सुमारास सोव्हिएत संघ कोसळतो, कुर्ल्याला नाटो पूर्वेकडे सरकू लागते आणि डब्यातली माणसे दाराकडे. भायखळ्यापासून प्रश्नोत्तरे. एखादे दिवशी सायनला सिग्नल मिळाला नाही, तर रशियाचा प्रश्न तेवढा जास्त वेळ चिघळतो, एवढेच.

परिचयाच्या बाबतीत पूर्व आणि पश्चिम एक आहेत, हे मला या व्याख्यानांनी शिकवले. 'यांचा परिचय करून देण्याची गरज नाही' असे म्हणून परिचय सुरू करण्याची विद्या आपलीच आहे असे मी समजत होतो. ती अटलांटिकच्या दोन्ही काठांवर आहे. पण फोनवर एक सुख आहे. बोट जरा उजवीकडे सरकवले की स्वागताध्यक्ष गायब! आपल्या सभागृहात हे बोट कितीदा शिवशिवले असेल, आठवा.

असो. या पेठेत भरपूर खपलेला माल म्हणजे शिकागो विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन मिअरशायमर यांचे युक्रेनवरचे व्याख्यान. ते २०१५ साली झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात विद्यापीठाने ते यूट्यूबवर ठेवले. शीर्षकातच निकाल: युक्रेनमध्ये जे झाले त्याचा दोष पाश्चात्त्यांचा. गृहस्थ वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडलेले, पाच वर्षे हवाई दलात काढलेली. बोलणे तसेच. प्रत्येक वाक्याला इस्त्री केलेली. 'एका अर्थाने असे म्हणता येईल, परंतु दुसऱ्या अर्थाने' हा जो आपल्याकडच्या विचारवंतांचा झोपाळा असतो, त्यावर ते बसतच नाहीत.

त्यांचा सिद्धान्त चाळीत राहिलेल्या माणसाला लगेच पटतो. जगात वर कोणी पोलीस नाही. रात्री-अपरात्री फोन करावा असा नंबर नाही. तेव्हा जो तो देश आपल्या जिवाला जपतो, आणि दणकट देश आपल्या दाराशी दुसऱ्या दणकट देशाने खाट टाकलेली खपवून घेत नाही. अमेरिका स्वतःच्या दाराशी खपवून घेत नाही, मग रशियाने का घ्यावी? एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टच्या बैठकीत नाटोने जाहीर केले की युक्रेन आणि जॉर्जिया पुढेमागे आमचे सभासद होतील. त्याच ऑगस्टात जॉर्जियात युद्ध झाले आणि २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला. खाट, खाट आणि खाट! हे पटो न पटो, कळले नाही असे म्हणायची सोय नाही. एवढ्या एका गुणासाठी मी या व्याख्यानाला पहिल्या वर्गात पास करतो. सौ. स्वयंपाकघरातून अर्धवट ऐकत होती, तिलाही कळले. "म्हणजे मेंटेनन्स कोण भरणार यावरून नाही, पार्किंगवरून भांडण आहे," ती म्हणाली.

मग २४ फेब्रुवारी २०२२ उजाडला. रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरल्या आणि हे सात वर्षांचे जुने व्याख्यान एकाएकी जगभर सुटले. आमच्याकडे दोन वर्षे व्यवहार नसला की खाते निष्क्रिय होते. इथे सात वर्षांपूर्वीच्या ठेवीवर जगाने रांग लावली. आजवर ते अडीच कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले आहे. कारण त्यात एक भाकीत होते. पाश्चात्त्य देश युक्रेनला गोड बोलून अशा वाटेला लावत आहेत, की शेवटी त्या देशाचा चुराडा होईल, असे प्राध्यापक २०१५ मध्ये म्हणून गेले होते. तेवढाच तुकडा कापून जो तो धाडत होता. मला तो एका दिवसात चार वेळा आला. पाचव्यांदा एका खातेदाराने काउंटरच्या काचेला फोन चिकटवून दाखवला. त्याला केवायसीचे कागद मागितले तर म्हणाला, "साहेब, आधी हे बघा. सात वर्षांपूर्वी सांगितलं होतं!"

आता गंमत अशी, की त्याच व्याख्यानात, तोच कोट घातलेला तोच माणूस आणखी एक गोष्ट सांगतो. रशियाचे खरोखर वाटोळे करायचे असेल तर तिला युक्रेन जिंकून घ्यायला उत्तेजन द्या. पण पुतिन तसे करण्याइतके खुळे नाहीत, ते फार हुशार आहेत. हा तुकडा मला कोणीही पाठवला नाही. काचेलाही कोणी चिकटवला नाही.

आमच्या धंद्यात प्रत्येक खात्याला दोन बाजू असतात, जमा आणि नावे. संध्याकाळी दोन्ही जुळल्याशिवाय कोणी घरी जात नाही. रुपया कमी आला तरी शोधायचा आणि जास्त आला तरी शोधायचा, जास्त आला तर जास्तच शोधायचा. प्राध्यापकांचे भक्त मात्र फक्त जमा छापलेले पासबुक घेऊन हिंडतात, आणि त्यांचे वैरी फक्त नावे छापलेले. (असे पासबुक आमच्या बँकेने काढले तर खप प्रचंड होईल. वरिष्ठांनी विचार करावा.)

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की प्राध्यापक पळून गेले नाहीत. जून २०२२ मध्ये ते इटलीत फ्लॉरेन्सला, युरोपियन युनिव्हर्सिटी इन्स्टिट्यूटमध्ये याच विषयावर बोलले. तेही व्याख्यान यूट्यूबवर आहे. तिथे त्यांचे म्हणणे असे पडले, की पुतिनना सगळा युक्रेन गिळायचा होता याला पुरावाच नाही. जास्तीत जास्त एक लाख नव्वद हजार सैन्यात एवढा मोठा देश जिंकता येतो का? तेव्हा सिद्धान्त शाबूत. मी हे ऐकले आणि उठून उभा राहिलो. (विक्रोळीला. तशीही जागा द्यावी लागणारच होती.) जुनी नोंद न खोडता नवे व्हाउचर करून दोन्ही बाजू जुळवणे ही आमच्या खात्यातली अव्वल दर्जाची कारागिरी आहे, आणि तिचे मोल मी जाणतो. फक्त असे व्हाउचर दिसले की आमच्याकडे ऑडिटर चष्मा पुसतो. राजधानीवर तीन दिशांनी चाल करून जाणे याला 'जिंकायला जाणे' म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे, हा साधा प्रश्न त्याने विचारला असता.

पण माझी खरी तक्रार भाकिताबद्दल नाही. भाकिते चुकतात, व्याजदराबद्दलची चुकतात, पावसाबद्दलची चुकतात. तक्रार निराळी आहे.

आमच्या हेड कॅशियरांची पुतणी तेव्हा खारकीव्हला डॉक्टरकी शिकत होती. रशियाच्या सरहद्दीपासून तीस-चाळीस किलोमीटरवरचे शहर. त्या आठवड्यात हेड कॅशियर नोटा मोजता मोजता थांबत आणि पुन्हा पहिल्यापासून मोजत. इतक्या वर्षांत त्यांची बोटे अडखळलेली मी पाहिली नव्हती. पोरगी हॉस्टेलच्या तळघरात होती. फोन वाचवायचा म्हणून दिवसातून एकच निरोप यायचा: 'बरी आहे.' तो आला की सगळ्या ब्रँचला कळायचे, कारण काउंटर भराभर चालू लागायचा. मार्चमध्ये ती चालत शहराबाहेर पडली, मिळेल त्या गाडीने पश्चिमेच्या सरहद्दीला पोचली आणि ऑपरेशन गंगाच्या विमानाने परत आली.

हेड कॅशियरांनी सत्यनारायण घातला. तिथे प्रसादाची वाटी एका हातात धरून मी तिला फोनवर ते शिकागोचे व्याख्यान दाखवले. त्यात एक नकाशा येतो. देशाचा कुठला भाग कुठली भाषा बोलतो त्याचा. पुढे निवडणुकांचे नकाशे येतात. पूर्वेला एक रंग, पश्चिमेला दुसरा. तात्पर्य, देश उभा चिरलेला आहे. पूर्वेकडचा रशियन बोलतो, त्याचा कल तिकडे. पोरीने नकाशा दोन बोटांनी मोठा करून पाहिला.

"काका, आमच्या हॉस्टेलच्या आजी कुठल्या रंगात?"

कोण आजी? तर हॉस्टेलच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या बाई. त्यांना युक्रेनियन धड येत नव्हते. जन्मभर रशियनच बोलल्या. तळघरात या मुलींना सूप करून देताना त्या वरून पडणाऱ्या बॉम्बांना आणि ते टाकणाऱ्यांच्या सात पिढ्यांना शिव्या देत होत्या. रशियनमध्ये. ती भाषा कळल्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच लाज वाटली, असे पोरगी म्हणाली.

मिअरशायमर यांनी २००१ सालच्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात राष्ट्रांना बिलियर्डच्या चेंडूंची उपमा दिली आहे. आपण कॅरमच्या सोंगट्या म्हणू. आत काय आहे ते पाहायचे नाही. आकार केवढा आणि कोण कोणावर आपटते एवढेच पाहायचे. हिशेबाला सोपे पडते, यात शंका नाही. पण सोंगटीच्या आत तळघर असते, तळघरात आजी असते आणि ती जी भाषा बोलते त्या भाषेच्या बाजूची असेलच असे नाही, हे या हिशेबात कुठे मांडायचे? तेव्हा युक्रेन का झुंजला, पूर्वेकडचे रशियन बोलणारेसुद्धा का झुंजले, हे या सव्वा तासाच्या व्याख्यानातून कळत नाही. रशियाला काय खुपत होते ते उत्तम कळते. दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांगायला हरकत नसावी, पण लोक भांडतात.

आजींच्या शोधात मी येल विद्यापीठाकडे वळलो. टिमथी स्नायडर हे इतिहासाचे प्राध्यापक तेव्हा तिथे होते. २०२२ च्या हिवाळ्याआधीच्या सत्रात त्यांनी 'आधुनिक युक्रेनची घडण' या विषयावर वर्गात जे शिकवले, ते येलने जसेच्या तसे सगळ्या जगाला खुले केले. व्याख्याने किती? तेवीस! मिअरशायमर म्हणजे निष्णात वकील. दुपारच्या चहाआधी निकाल. स्नायडर म्हणजे कीर्तनकार. पहिल्या व्याख्यानात युद्धाचे नमन करतात आणि मग जे मागे जातात ते थेट प्राचीन काळात. पाचव्याला व्हायकिंग. सहाव्याला लिथुआनिया! सौ. रोज विचारायची, "आला का युक्रेन?" मी म्हणायचो, "अजून नाही, पण लिथुआनिया छान आहे."

मात्र या पूर्वरंगाला अर्थ आहे. भाषा म्हणजे निष्ठा नव्हे, राष्ट्र हे नकाशातल्या रंगाने ठरत नाही, माणसे ते रोज ठरवत असतात, हे या तेवीस व्याख्यानांतून हळूहळू अंगात मुरते. १९३२-३३ च्या दुष्काळात, तोही धान्य ओढून नेऊन केलेला, लाखो माणसे मेली, त्याचे व्याख्यान मी ठाण्याच्या पुढे ऐकू शकलो नाही. फोन खिशात टाकून खिडकीबाहेर पाहत बसलो. आणि किल्ल्या सांभाळणाऱ्या बाईंच्या शिव्या मला प्रथम कळल्या त्या इथे.

दोष इथेही आहेत. वक्ता एका बाजूचा आहे. लपवत नाही, त्याच वर्षी त्यांनी युक्रेनला ड्रोनपासून बचाव करण्याच्या यंत्रणेसाठी लोकांकडून निधीसुद्धा उभा केला. वर्गणी गोळा करणाऱ्याकडून ताळेबंद ऐकताना माणसाने कान जरा जास्त उघडे ठेवावेत, हे आम्हाला गणेशोत्सवामुळे ठाऊक असते. रशियाला काय वाटते, हे स्नायडर सांगतात तेव्हा तो रशिया फारसा कोणाला ओळखीचा वाटत नाही. आणि चढ्या सुराच्या जागा त्यांना आधीपासून माहीत असतात. कीर्तनात त्या चालतात. वर्गात मधूनमधून बुक्का कमी आणि खडू जास्त असावा असे वाटते.

हार्वर्डच्या मायकेल सँडेल यांची 'जस्टिस' ही बारा भागांची मालिका २००९ पासून फुकट मिळते. ती युद्धावर नाही, न्यायावर आहे, पण राजकारणाच्या पायाशी तीच आहे. पहिल्याच व्याख्यानात ट्रामचा ब्रेक निकामी होतो: सरळ गेली तर रुळांवरचे पाच कामगार मरतात, वळवली तर एक. काय कराल? सभागृहात शेकडो मुले, आणि प्राध्यापक उत्तर न देता मुलांनाच बोलते करतात. मी हा प्रश्न ब्रँचमध्ये टाकला. हेड कॅशियर म्हणाले, "आधी लेखी ऑर्डर मागवीन." सँडेल यांचे कसब असे, की मूर्ख उत्तर देणाऱ्या मुलाचेही नाव विचारून घेतात आणि दहा मिनिटांनी त्याच्या उत्तरात काय तथ्य होते ते त्यालाच सांगतात. आपल्याकडे प्रश्न विचारायला उभा राहणारा गृहस्थ आधी स्वतःचे व्याख्यान देतो, हे खरे. पण त्याला खाली बसवण्यापलीकडे आपण दुसरे काही करून पाहिलेलेही नाही. माझ्यापुरते मी व्याख्यान आता शेवटाकडून लावतो. प्रश्नोत्तरात 'हा मुद्दा माझ्या मांडणीत बसत नाही' असे म्हणणारा प्राध्यापक सापडला, की मग सुरुवातीला जातो. या चाळणीतून फार थोडे उतरतात.

लंडनच्या ग्रेशॅम कॉलेजचा उल्लेख केला नाही तर माझी बी.कॉम.ची पदवी परत घेतील. सर थॉमस ग्रेशॅम हा सोळाव्या शतकातला बडा व्यापारी, लंडनच्या रॉयल एक्स्चेंजचा संस्थापक. मृत्युपत्रात त्याने सोय करून ठेवली, की एक्स्चेंजच्या उत्पन्नातून सात प्राध्यापकांना पगार द्यावा आणि त्यांनी गावाला फुकट व्याख्याने द्यावीत. १५९७ पासून ती चालू आहेत आणि आता घरबसल्या ऐकता येतात. ब्रिटनच्या राजकारणावरची तर आवर्जून ऐकावीत, कारण तिथे कोणाला जग जिंकायचे नसते. त्यामुळे आवाज खाली असतो.

पण कॉमर्सच्या विद्यार्थ्याला ग्रेशॅम माहीत असतो तो दुसऱ्याच कारणाने. खोटे नाणे खऱ्या नाण्याला चलनातून हुसकावून लावते, हा ग्रेशॅमचा नियम. (नियमाला त्याचे नाव १८५८ मध्ये मॅक्लिऑड नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने दिले, मार्क आम्हाला ग्रेशॅमच्या नावावर मिळाले.) हलके नाणे लोक भराभर खर्च करतात आणि वजनदार नाणे घरात पुरून ठेवतात, म्हणून बाजारात फिरते ते हलके. पंचाहत्तर मिनिटांचे व्याख्यान आणि त्यातला चाळीस सेकंदांचा तुकडा यांचे नेमके हेच नाते आहे. प्राध्यापकांवर माझा राग नाही. त्यांनी जमा-नावे दोन्ही एकाच वहीत लिहून ठेवले, तारखेसह, पुसता येणार नाही असे. फाडून पाने वाटतो तो श्रोता.

आमच्या इमारतीच्या व्हॉट्सअॅप गटावर निवृत्त मुख्याध्यापक रोज सकाळी सव्वासहाला असे एक पान टाकतात. सोमवारी पुतिन बरोबर, मंगळवारी पुतिन संपले, बुधवारी डॉलर संपला. गुरुवारी दत्त. परवा त्यांनी शिकागोच्या प्राध्यापकांचा तोच भाकिताचा तुकडा पुन्हा टाकला. मी खाली अख्खे व्याख्यान जोडले आणि सोबत लिहिले, 'सर, पुतिन असे करण्याइतके खुळे नाहीत, हेही यातच आहे. शिवाय फ्लॉरेन्सचेही जोडतो आहे. दोन्ही मिळून पाहावे.' संध्याकाळी जिन्यात भेटले. दुधाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "अहो, एवढं मोठं कोण बघणार? तुम्ही बघितलंय ना? मग त्यातलं कामाचं तेवढं कापून पाठवा."